दिव्याचे तास

देवमन हा बटणं बंद करणारा माणूस होता. अमरावतीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्याची सत्तावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा त्यानं कधी खपवून घेतला नव्हता. पोरं पाठीमागे टवाळी करायची, की देवमनकाका दारातून गेले तरी ट्यूबलाईट घाबरून विझते. त्याला त्याचं काही नव्हतं. एकदा हिटर चालू राहून टेबल जळालं होतं आणि प्राचार्यांनी चारचौघांत त्याची बिनपाण्यानं केली होती. तेव्हापासून कुलूप लावायच्या आधी मेन स्विच खाली केल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नसे. त्यातच वीजबिलाचं परिपत्रक निघालं आणि त्याच्यावर त्याची सही घेतली गेली. मग तर विचारायलाच नको.

माया तायडे ही शेखरसरांकडे पीएच.डी. करणारी अकोल्याची मुलगी. दिवसभर प्रयोगशाळेत राबायची, संध्याकाळी सहानंतर शिकवणी वर्गात बारावीची पोरं शिकवून खोलीचं भाडं काढायची आणि शनिवारी अकोल्याला घरी जायची. तिचं काम होतं ओएलईडी दिव्याचं. काचेच्या चौकोनी तुकड्यावर सेंद्रिय रसायनांचे केसाहून पातळ थर द्यायचे, वरून सीलबंद करायचं आणि वीज सोडायची. मग अख्खी काचच उजळायची. डोळ्यांना टोचणारा ठिपका नाही, ऊब नाही, वीजही अगदी थोडी. सेंद्रिय म्हटल्यावर देवमननं विचारलं होतं, की बाई, याच्यात शेणखत पडते का? माया पोट धरून हसली होती, आणि मग स्टुलावर बसवून तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत कुणी त्याला काही समजावून सांगितलं असेल तर तिनंच.

त्या दिव्याचं एकच दुखणं होतं. तो लवकर थकायचा. मायानं स्वतः बनवलेल्या नव्या रसायनाचा दिवा किती तास टिकतो, त्याचा उजेड निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, यावर तिची सगळी पीएच.डी. उभी होती. म्हणून एका सोमवारी तिनं दिवा लावला आणि देवमनला बजावलं, की काका, हा एक बंद करायचा नाही, रात्रंदिवस जळू द्यायचा. त्यानं मान डोलावली.

त्या संध्याकाळी तो कुलूप लावून सायकलपर्यंत गेला आणि परत आला. बंद खोलीत रात्रभर वायर तापत राहणार, या विचारानंच त्याला घाम फुटला. आग लागली तर मायाला कोण विचारणार होतं? मान त्याचीच कापली जाणार होती. त्यानं मेन खाली केला. सकाळी नऊला येऊन पहिलं काम काय, तर मेन वर. साडेदहाला माया आली तेव्हा दिवा जळत होता. कुणाचं काही बिघडलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि मग रोजच व्हायला लागलं. शनिवारी संध्याकाळी विझलेला दिवा सोमवारी सकाळीच लागायचा. रात्री त्या उजेडात वाचणारं होतं तरी कोण, असं तो स्वतःला समजवायचा. खरं तर त्याला वीज वाचवल्याचं समाधानच वाटत होतं.

माया रोज अकराला उजेड मोजायची आणि वहीत मागच्या आकड्यात चोवीस मिळवायची, सोमवारी अठ्ठेचाळीस.

सव्वाशे दिवसांनी उजेड निम्म्यावर आला. तीन हजार तास. शेखरसरांनी आकडा दोनदा तपासला आणि मग खुर्चीतून उठून तिच्याशी हात मिळवला. या रसायनाचा दिवा हजार तास टिकला तरी खूप, असं ते पहिल्यापासून म्हणत आले होते. शोधनिबंध लिहून झाला, पाठवलाही. मायानं सभागृहात सगळ्यांपुढे आपलं काम सांगितलं. देवमन चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभा होता. पडद्यावरची रेघ दाखवत माया म्हणत होती, की दिवा एकशे पंचवीस दिवस, रोज चोवीस तास, एकदाही न विझता जळला. टाळ्या वाजल्या. देवमननं ट्रे तिथंच खाली ठेवला.

बाहेर आल्यावर मायानं खोक्यातला पहिला पेढा त्याच्याच हातावर ठेवला. अकोल्याच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत पोरांच्या टेबलांवर असेच दिवे लावायचे आहेत, ती स्वतः तिथंच पिवळ्या बल्बखाली शिकली, असं ती सांगत होती. देवमननं पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

तीन आठवडे तो गप्प राहिला. निवृत्तीला चार महिने उरले होते. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, हे एक कारण. पण कारणं कितीही सांगितली तरी माया समोर आली की त्याला खाली पाहावं लागे. तिची नजर चुकवायला तो भांडारात जाऊन नसलेली धूळ झाडत बसायचा. घरी जेवणावरची वासना उडाली. बायको तानुबाई विचारून थकली. त्याला सरळ सरळ वाटत होतं, की आपण त्या पोरीच्या घामात माती कालवली आहे.

मग एक दिवस शेखरसर म्हणाले, की दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत आपला नमुना तपासायला जाणार आहे, तिथं मिनिटामिनिटाची नोंद यंत्रच ठेवतं. तिथं दिवा हजार तासांत थकला की लोक काय म्हणतील, हे कळायला पीएच.डी. लागत नव्हती.

दुपारी माया एकटी असताना त्यानं सांगून टाकलं. मेन कधी खाली करत होता, कधी वर, रविवार, दिवाळीची सुट्टी, सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद ओढला आणि हिशेब मांडला. हजार तासही भरत नव्हते. तिनं त्या आकड्याखाली रेघ मारली.

"चूक झाली असं कोणी नाई म्हणणार, काका," ती म्हणाली. "मुद्दाम खोटं लिवलं म्हणतीन. ही पोरगी इथवर आलीच कशी, हे ज्याईले बोलाचं होतं, ते वाटच पाहून राहिले."

देवमन म्हणाला, माहं नाव सांग. दुसऱ्या दिवशी तिनं शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं आणि सरांना देण्याआधी त्याला वाचून दाखवलं. मध्ये वीज बंद पडत होती आणि तासांची नोंद ठेवताना माझ्या हातून हलगर्जीपणा झाला, एवढंच त्यात होतं. देवमनचं नाव कुठंच नव्हतं. त्याला हायसं वाटलं. अगदी खोलवरून, जेवल्यासारखं हायसं वाटलं, आणि त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आधी कधीच आली नव्हती.

सरांनी मायाला बरंच सुनावलं, पण पुन्हा सुरुवात करायची परवानगी दिली. अट एकच. तासातासाला वहीत नोंद हवी, सहीसकट, आणि वही रोज सकाळी त्यांच्या टेबलावर. रात्रीची नोंद ठेवायला अकोल्याहून मायाचे वडील आले, जानराव. मूर्तिजापूरजवळच्या रेल्वे फाटकावर तीस वर्षं जागरण केलेला माणूस. संध्याकाळी सहाला डबा आणि चहाचा थर्मास घेऊन ते दिव्यासमोर बसायचे, आणि देवमन मान खाली घालून घरी जायचा.

आठव्या दिवशी देवमनला निघायला उशीर झाला, तेव्हा जानरावांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि थर्मासच्या झाकणात चहा दिला.

"एक गोष्ट मले समजून नाई राहिली, देवमनभाऊ," ते म्हणाले. "फाटकावरच्या वहीत तीस वर्षांत माही एक नोंद चुकली नाई. नोंद कशी ठेवा लागते, हे मायेले मीच शिकवलं. अन् तिच्याच हातून असं व्हावं? मी तिले म्हणलं, तुह्यापाई माही मान खाली गेली. तवापासून धड बोललो नाई तिच्याशी."

चहा पिऊन घरी जाता आलं असतं. पेन्शनला आता तीनच महिने होते, आणि माया तर कधीच बोलणार नव्हती. देवमननं झाकण खाली ठेवलं.

"तिची नोंद नाई चुकली, जानरावभाऊ. दिवा मी बंद करत होतो. रोज."

जानरावांनी आधी घड्याळ पाहिलं. सात वाजले होते. उजेड मोजून त्यांनी आकडा लिहिला, सही केली, आणि मग विचारलं, "तिले मालूम हाय?"

"हाय. माही पेन्शन अडकू नये म्हणून तिनं सोतावर घेतलं."

देवमन शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. चार कडक शब्द ऐकले असते तर त्याला बरं वाटलं असतं, पण तेवढंही त्याच्या नशिबी नव्हतं. जानरावांचे ओठ हलत होते. लेकीला काय काय बोललो, ते बहुधा आठवत असावेत.

मग त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

"लिवा. सोताच्या हातानं."

सकाळी ही वही शेखरसरांच्या टेबलावर जाणार होती. देवमनला ते पक्कं ठाऊक होतं, तरी त्यानं पेन घेतलं. त्यानं लिहिलं, की मागचा दिवा रोज संध्याकाळी मी बंद करत होतो आणि सकाळी लावत होतो, मायाबाईंना हे माहीत नव्हतं. खाली पूर्ण नावाची सही केली. जानरावांनी ते दोनदा वाचलं, सहीपुढे वेळ टाकली, सात वाजून बारा मिनिटं, आणि लेकीला फोन लावला.