नव्या रिमला जुने नट

चूक सकाळी सात वाजता झाली आणि ती माझ्या हातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. मला ती कळली दुपारी. तेव्हा माझी मुलगी त्याच गाडीत बसून सुरुवातीच्या रेघेवर सुटायची वाट पाहत होती.

मार्लिस, माझी बायको, नोव्हेंबरात गेली. आजार कळल्यापासून सात आठवड्यांत. बावीस वर्षं आम्ही दोघं एकाच निळ्या गाडीतून ऑटोक्रॉस करत होतो. आमच्या गावाबाहेर लष्करानं सोडून दिलेली धावपट्टी आहे. तिथं महिन्यातल्या एका रविवारी नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत घड्याळाशी असते. सकाळच्या गटात मी चालवायचो, दुपारी बायकांच्या गटात ती. जो गट चालवत नसेल तो मार्गावरच्या चौक्यांवर उभा राहून पडलेले शंकू उचलतो. सगळे हौशी, पगारी माणूस एकही नाही.

टायर आणि रिम मार्लिस निवडायची. मी जॅक लावायचो आणि चाकं उचलायचो. बर्फ पडत असायचा तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसायची. कुठला टायर किती तापला, कुठला कडेनं जास्त झिजला, टायरच्या कडेला लावलेला खडू वळणावर कुठवर पुसला गेला. मी विचारायचो, "ठरलं का?" ती म्हणायची, "तू कॉफी कर."

मार्चमध्ये थियाचा ओमाहाहून फोन आला. थिया आमची एकुलती एक. एकतीस वर्षांची आहे, जनावरांच्या दवाखान्यात काम करते.

"बाबा, आईच्या गटात मी चालवू?"

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याला धरून उभा राहिलो. मार्लिस गेल्यापासून मला भीती वाटायची ती अशी अंगातच वाटायची. थिया दोन तास गाडी चालवून भेटायला यायची तेव्हा मी खिडकीपाशी दोन तास उभा असायचो. माझं म्हणावं असं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

टायर निवडायची वेळ आली तेव्हा मी व्हर्जिल ओबर्स्टला बोलावलं. व्हर्जिल क्लबातला जुना मित्र. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेत त्यानं.

"नवख्या माणसाला साधे टायर दे," तो म्हणाला. "साधा टायर पकड सुटायच्या आधी ओरडतो. महागातला चिकट टायर शेवटपर्यंत गप्प असतो, आणि मग एकदम सोडतो. साधा टायर म्हणजे माझी बायको रे. भांडायच्या आधी तासभर..." तो मध्येच थांबला आणि खोकला. नोव्हेंबरनंतर माझ्यासमोर बायकोवरचे विनोद सगळेच असे अर्ध्यावर गिळायचे.

मी त्याचं ऐकलं नाही. आमच्या गाडीच्या वर्गात नियमानं चालतील तेवढे रुंद, तेवढे चिकट टायर घेतले. त्यांच्यासाठी एक इंच रुंद नव्या रिमही घेतल्या. रबर जितकं जास्त जमिनीला चिकटेल तितकी पोरगी जमिनीवर राहील, असा माझा हिशेब होता. शर्यतीच्या जुन्या रिम एका माणसाला विकल्या. त्यांचे नट त्याच खोक्यात गेले.

नटांची गोष्ट अशी. गाडीसोबत कारखान्यातून येते त्या रिममध्ये नट बसायची जागा वाटीसारखी गोल असते. बाहेरून घेतलेल्या रिममध्ये ती नरसाळ्यासारखी उतरती असते. त्यामुळे नटाचं तोंडही वेगवेगळं लागतं. आटे मात्र तेच, म्हणून कुठलाही नट कुठंही चढतो. गोल तोंडाचा नट उतरत्या जागेत नीट टेकत नाही, नुसत्या एका रेघेवर टेकतो. मग वळणावर जोर पडत गेला की ढिला होत जातो. हे मला बावीस वर्षं माहीत होतं. मार्लिस दर मोसमात एकदा तरी बोलून दाखवायचीच.

तर शर्यतीच्या रविवारी सकाळी सातला थिया आणि मी रोजच्या, कारखान्यातून आलेल्या चाकांवर धावपट्टीवर पोचलो. मी ती चाकं काढली, नट टोपीत ठेवले, नवी चाकं चढवली आणि टोपीतलेच नट लावले. टॉर्कचा पाना घेतला. हवा तेवढा जोर आला की तो पाना टक्कन वाजतो. वीस नट, वीस वेळा टक. थिया शेजारी उभी राहून मोजत होती. तपासणीला आलेल्या माणसानं चारही चाकं धरून हलवली आणि गाडी पास झाल्याची चिकटपट्टी काचेवर लावली.

सकाळी मी चार फेऱ्या केल्या. चौथीत शेवटच्या लांब वळणावर स्टीअरिंग थरथरलं. मला वाटलं, माझेच हात. नोव्हेंबरपासून कप उचलतानाही थरथरतात. मी कुणाला काही बोललो नाही.

दुपारी थियाचा गट सुरू झाला. मला तिसरी चौकी मिळाली, व्हर्जिलबरोबर. आमच्या पुढ्यातच ते लांब वळण होतं, सगळ्यात वेगाचं. वारा इतका की टोपी धरून उभं राहावं लागत होतं.

थियाची पहिली फेरी. निळी गाडी शंकूंमधून नागमोडी येताना दिसली आणि माझा हात आपोआप लाल झेंड्याकडे गेला. लाल झेंडा दाखवला की चालवणाऱ्यानं तिथल्या तिथं थांबायचं असतं.

"ए, ए!" व्हर्जिल ओरडला. "काय झालंय?"

"काही नाही."

"मग झेंडा दे इकडे. आज तुझ्या हातात झेंडा म्हणजे कुणाची फेरी पुरी व्हायची नाही." त्यानं झेंडा काढून स्वतःच्या काखेत धरला. "पोरगी बरी चालवते की. तुझ्यापेक्षा तरी बरी."

"माझ्यापेक्षा बरी चालवायला काय लागतं?"

"तेही खरंच."

थिया सुखरूप पोचली. मी श्वास सोडला. दोन गाड्या गेल्या, आम्ही दोन शंकू उभे केले.

"रिम झकास दिसतात," व्हर्जिल म्हणाला. "नट कुठले घेतलेस? काळे का निळे? हल्ली पोरं रंगीत लावतात."

"नट? नट तेच आहेत."

"तेच म्हणजे?"

"रोजच्या चाकांचे."

 व्हर्जिलनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू उतरताना मला सगळं कळलं. वाटी, नरसाळं, टोपीतले नट. सकाळी थरथरले ते माझे हात नव्हते.

 मी वळून पाहिलं. लांब, सुरुवातीच्या रेघेवर निळी गाडी उभी होती.

"थांबव तिला," मी म्हणालो.  पुन्हा ओरडलो, "थांबव!"

व्हर्जिलनं आधीच चौकीवरचा रेडिओ तोंडाशी धरला होता. "निळी गाडी सोडू नका. सोडू नका!"

रेडिओत खरखर झाली. मग कुणीतरी म्हणालं, "सुटली ती."

मार्ग पंचावन्न सेकंदांचा. आमच्यापर्यंत यायला पस्तीस. पहिल्या चौकीजवळ धूळ दिसली. मला त्या पस्तीस सेकंदांत काय काय दिसलं ते लिहीत नाही. एकच विचार मात्र सांगतो, कारण तो मला अजून सुटलेला नाही. झेंडा दाखवला तर ती जोरात ब्रेक मारणार, आणि सगळा भार पुढच्या चाकांवर येणार. चाक तेव्हाच निघालं तर? नाही दाखवला तर ती लांब वळणात शिरणार. म्हणजे मी काहीही केलं तरी ते मीच केलेलं असणार.

"झेंडा," मी म्हणालो.

व्हर्जिलनं काखेतून काढून दिला.

मी मार्गात शिरलो. तसं कुणीच करायचं नसतं, आम्ही नवीन माणसाला पहिली गोष्ट तीच शिकवतो. उजव्या हातात झेंडा धरला आणि डावा तळवा जमिनीकडे करून वरखाली करत राहिलो. हळू. हळू. गाडी सरळ माझ्याकडे येत होती. काचेमागे तिचं हेल्मेट दिसलं. मग गाडीचं नाक जरासं खाली गेलं आणि ती हळूहळू मंदावली. थांबता थांबता डाव्या पुढच्या चाकातून आवाज ऐकू आला, टकाटक, टकाटक, आणि ती माझ्यापासून दहा पावलांवर थांबली.

थियानं काच खाली केली. "काय झालं? एकही शंकू नाही पाडला मी!"

"उतर."

"बाबा, तू पुन्हा घाबरून..."

"थिया, उतर खाली."

व्हर्जिल डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसला होता. त्यानं एक नट दोन बोटांत धरला आणि फिरवला. पाना नाही, काही नाही, बाटलीचं झाकण फिरवावं तसा फिरला. मग दुसरा. पाचातले तीन.

थियानं हेल्मेट काढलं. वाकून चाकाकडे पाहिलं.

"पण टक वाजलं होतं," ती म्हणाली. "मी मोजलं होतं."

"नट चुकीचे आहेत. मी चुकीचे लावले."

"तुला सकाळी काही जाणवलं नाही?"

"स्टीअरिंग हललं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, माझे हात."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. झेंडा अजून हातात होता आणि त्याची काठी हलत होती. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुढं होऊन काठी धरली आणि हलायची थांबेपर्यंत धरून ठेवली. 

गाडी ढकलत बाहेर नेली. व्हर्जिलनं चाक उतरवून पाहिलं. नट ज्यांवर चढतात त्या पाच दांड्यांपैकी दोन दांड्यांचे आटे गेले होते. "आज या गाडीचं संपलं," तो म्हणाला.

मला मनातून बरं वाटलं. आता घरी जाऊ, थिया शेजारी बसलेली असेल.

तेवढ्यात ओडेसा प्रुइट आली. पोस्टातून निवृत्त झालेली बाई, लहानशी लाल गाडी चालवते. तिनं किल्ली थियापुढं धरली.

"पोरीच्या दोन फेऱ्या राहिल्यात. माझी घेऊन जा."

आमच्याकडे ही रीतच आहे. कुणाची गाडी बंद पडली की दुसरा आपली किल्ली पुढं करतो, कधी कधी तर नाव विचारायच्या आधी. आम्हीही बावीस वर्षांत कितीदा तरी केलंय. तरी "नको" माझ्या ओठांवर आलं होतं. थियानं किल्ली घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"नट तपासायचेत का, वेंडेल?" ओडेसा मला म्हणाली. "तपास खुशाल. मार्लिस असती तर तिनं माझं ब्रेकचं तेलसुद्धा हुंगून पाहिलं असतं."

मी पाना घेतला. तो नटावर बसेना, दोनदा निसटला. मग थियाच्या हातात दिला.

"तूच बघ," मी म्हणालो. "नुसतं टक ऐकू नकोस. एकेक काढून बघ."

तिनं पहिला नट पूर्ण काढला. त्याचं तोंड उन्हात धरून पाहिलं, रिमच्या भोकात बोट फिरवलं, पुन्हा लावून आवळला. मग पुढचा. रांग खोळंबली होती.

"आज होणार का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"गाडीत बसून सँडविच खा!" ओडेसानं तिकडे न बघताच उत्तर दिलं.

सोळावा नट झाल्यावर थिया उठली, गुडघे झटकले. "बाबा?" ती म्हणाली.

"जा," मी म्हणालो. 

मी चालत तिसऱ्या चौकीवर परत आलो. व्हर्जिलनं झेंडा पुढं केला. मी मान हलवली, तुझ्याकडेच राहू दे म्हणून. 

लाल गाडी लांब वळणात शिरली. जरा जास्तच वेगात, आईसारखी. मागचा भाग बाहेर सरकला, तिनं सावरलं, पण सावरताना आतल्या बाजूचा शंकू चाटला आणि गाडी पुढे निघून गेली. शंकू उभाच राहिला होता. प्रत्येक शंकूभोवती चौकोन आखलेला असतो, त्यातून मात्र तो सरकला होता.

मी पळत गेलो.

"रेघेला शिवतोय का?" व्हर्जिलनं विचारलं. शिवत असेल तर दंड नसतो.

मी वाकून पाहिलं. शंकू आणि रेघ यांच्यामध्ये बोटभर डांबर होतं.

"नाही. पूर्ण बाहेर."

"नीट बघ. तुझीच लेक आहे."

"पाहिलं नीट. दोन सेकंद लाव."

तो रेडिओवर दंड सांगायला लागला. मी शंकू उचलून चौकोनात ठेवला. पुढची गाडी सुटल्याचा आवाज आला, आणि मी नियमाप्रमाणे तिच्याकडे पाठ न करता मागे मागे सरत मार्गाच्या बाहेर आलो.