कॅपिटल रिपेअर

माझ्या भावाच्या मुलीच्या हृदयाचा खालचा एक कप्पा वाढलाच नव्हता. आमच्या घरातल्या पुरुषांचे चारही कप्पे शाबूत आहेत. त्यांचा काय उपयोग झाला ते सांगते.

पोरगी रायपूरच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. डॉक्टरबाईंनी माझ्या भावाला, सुजयला, दोन रस्ते सांगितले. एक, आत्ताच छाती उघडून मोठं ऑपरेशन. दुसरा, आधी छोटं: फुप्फुसांकडे जाणाऱ्या नळ्यांना पट्ट्या बांधून रक्त आवरायचं, जन्मानंतर बंद होऊ पाहणारी एक नळी उघडी ठेवायची, आणि पोरीनं जरा अंग धरलं की मग मोठं. सुजय ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून भिलाईला आला. बायको दिपाली हॉस्पिटलातच पोरीपाशी बसली होती. तिला विचारायचं त्याला सुचलं नाही.

सेक्टर दोनच्या क्वार्टरात बैठक भरली. माझे वडील आनंदराव पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेले, आणि त्यांचे सोबती भैयालालकाकाही तिथलेच. दोघांनी जन्मात एक पोर न्हाऊ घातलं नसेल, पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. चहा अर्थात मीच केला.

“भट्टीले पॅच मारत बसलं का भट्टी धोका देते,” बाबा म्हणाले. “शटडाऊन घ्या, थंडी करा, आतून नवी बांधा. कॅपिटल रिपेअर! एकदाचं काम, मंग पाहाचं काम नाही.”

“बरोबर,” भैयालालकाका म्हणाले. सुजयनं मान हलवली. लग्न ठरलं तेव्हाही अशीच हलवली होती.

“बाबा, थे भट्टी नोहे,” मी म्हटलं. “अन् बारशाचं काय?”

“ऑपरेशन होऊ दे. नाव ठेवलं का माया लागते.”

माया वाचवून ठेवणारा आजा मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. सुजयनं तो स्पीकरवर टाकला आणि बाबांनी निकाल दिला, “भट्टी थंडी करून नवी बांधतो तसं, मोठंच करा. एकदाचं निपटवून टाका.”

बाई म्हणाल्या, कोणत्याही रस्त्यानं गेलं तरी एकदाचं काही निपटत नाही. पुढे आणखी ऑपरेशनं आहेतच, आणि शेवटीही हृदय खालच्या एकाच कप्प्यावर चालणार. आज तिला काय झेपेल, एवढाच प्रश्न आहे. वजन कमी, इन्फेक्शन नुकतंच उतरलेलं. मोठं झेपेलसं वाटत नाही. छोट्यातही धोका आहे, आणि पुढचं ऑपरेशन जड जाईल. हे सगळं काल सुजयला सांगितलं होतं. तेव्हाही त्यानं मानच हलवली असणार.

“भैयालाल, काय म्हनतं?” बाबा पुटपुटले.

फोनवर दिपालीचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

“बाबा, तुमची भट्टी थंडी झाली तर पुन्हा पेटवता येते. माही पोरगी थंडी झाली तर कोन पेटवन?”

भैयालालकाकांना एकाएकी घरचं काम आठवलं.

“मॅडम, छोटं करा,” दिपाली म्हणाली.

पोरगी त्यातून निभावली. पुढची ऑपरेशनं बाकी आहेत, तेव्हा पेढे कोणी वाटले नाहीत. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून हात धुऊन, मास्क लावून मी आत गेले आणि तिच्या कानात सांगितलं.

बाहेर बाबा काचेला नाक लावून उभे होते. “कोनतं ठेवलं वं?”

“तुमाले कायले पाहिजे? माया लागन ना.”

म्हातारा तिथेच रडायला लागला. रडू दे म्हटलं. परतताना गाडीत भिलाईचं पॉवर हाऊस स्टेशन येईपर्यंत मी नाव सांगितलं नाही.