शुद्ध रक्ताचा टिळा

त्या रविवारी आर्वीच्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या नव्हत्या, कुत्री होती. साल अठ्ठ्याण्णव. श्वानप्रेमी मंडळाचं पहिलंवहिलं प्रदर्शन. एकोणतीस कुत्री, त्यांचे तेवढेच मालक आणि बघायला हजारभर माणसं. पॉमेरेनियन होते, डॉबरमन होते, अल्सेशियन होते. शिवाय जात कुणालाच सांगता येणार नाही अशी पाच-सहा होती, आणि सगळ्यांत भारी पट्टे त्यांच्याच गळ्यात होते. पण लोक कुत्री बघायला आले नव्हते. ते टिळा बघायला आले होते.

नागपूरहून यायचे परीक्षक आजारी पडले, म्हणून मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी यांनी त्या खुर्चीवर श्वानानंद महाराजांना बसवलं होतं. महाराज आठवडाभर गावात मुक्कामाला होते. कुत्र्याचे दात, पाठ, चाल असलं काही ते बघत नसत. थेट रक्तच बघत. कुत्र्याच्या कपाळावर ओली हळद लावायची, डोळे मिटून पुटपुटायचं आणि हळदीवर अंगठा टेकवायचा. रक्त शुद्ध असेल तर लालभडक टिळा उमटे, नसेल तर हळद पिवळीच राही.

"दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान आहेत," महाराज माइकवर सांगत होते. "त्यातले दोन अल्सेशियन. घरी गेल्यावर फोटो नीट पाहा."

लोकांनी माना डोलावल्या. मी सरकारी दवाखान्यातला गुरांचा डॉक्टर. फाटकाजवळ टेबल टाकून रेबीजच्या लशीचे दाखले तपासायचं काम माझ्याकडे दिलं होतं. कुत्र्यांतलं मला काही कळत असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी तिथे धुसफुसतच बसलो होतो.

भैय्याजींच्या पॉमेरेनियनला टिळा उमटला. तो पॉमेरेनियन वासराएवढा होता, तरी उमटला. ज्यांच्या ज्यांच्या घरी आठवडाभरात महाराजांची पाद्यपूजा झाली होती, त्यांची कुत्री एकामागून एक शुद्ध निघत गेली. ही गोष्ट माझ्या लक्षात आली, पण टिळा येतो कुठून ते मला कळेना.

मग डॉलीची पाळी आली. कापड दुकानदार प्रभाकररावांची ही अल्सेशियन कुत्री. त्यांची मुलगी छाया, कॉलेजात शिकणारी, तिला घेऊन आली होती. डॉलीसारखी बांधेसूद कुत्री त्या मैदानात दुसरी नव्हती. मात्र महाराज घरी आले तेव्हा छायाने त्यांच्या पाया पडायला नकार दिला होता. महाराजांनी हळद लावली, या खेपेला डावा अंगठा टेकवला आणि पिवळी हळद पिवळीच राहिली.

महाराज गंभीर झाले. गेल्या वर्षी डॉली कुंपणावरून उडी मारून गावकुत्र्याकडे गेली होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तेव्हा महाराजांनाही ठाऊक असणारच. यंदा तिला नागपूरच्या नामांकित नराकडे नेऊन आणलं होतं आणि घरी वीस दिवसांची चार पिल्लं होती. त्यातल्या एकाचा पंजा पांढरा निघाला होता.

"गावकुत्र्याचं रक्त एकदा गर्भात शिरलं की सात विणी जात नाही," महाराज म्हणाले. "अशी मादी दारात ठेवाल तर घराण्याला बट्टा लागेल. पिल्लांसकट जंगलात सोडा. आजच."

कुत्री पाळणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांतही ही समजूत घट्ट रुजलेली आहे. प्रभाकरराव घाबरले. त्यांनी ड्रायव्हरला जीप आणायला सांगितली आणि बोर धरणाकडच्या जंगलाचं नाव घेतलं. छाया डॉलीच्या गळ्याला मिठी मारून तिथेच मातीत बसली. मी उठून म्हटलं, हे थोतांड आहे. भैय्याजींनी मला दाखले तपासायची आठवण करून दिली. माझ्याजवळ पुरावा नव्हता, त्यामुळे मी चूप झालो. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

इतक्यात माझ्या टेबलाशी जवळच्या रोहणा गावचे डोमाजी येऊन उभे राहिले. सोबत सुताच्या दोरीला बांधलेलं त्यांचं तांबडं गावठी कुत्रं.

"डाक्टरसाहेब, याचं बी नाव लिवा," ते म्हणाले. "याले टिळा उमटला जी. महाराजाच्या हाताबिगर."

कुत्र्याच्या मानेवर जखम होती. डोमाजींच्या बायकोने, देवकाबाईंनी, सकाळी त्यावर हळदीचा लेप दिला होता. आणि त्या लेपावर खरोखरच चार लाल बोटं उठली होती.

मी विचारलं, "याला हात कुणी लावला?"

"म्याच फिरवला. भेव लागून राह्यलं होतं त्याले एवढ्या गर्दीत."

"त्याआधी काय करत होता?"

"काई नाई जी. तंबाखू घोटून राह्यलो होतो."

मी त्यांचा तळहात उलटा केला. तंबाखूची भुकटी, आणि बोटांवर चुना. मला इतका आनंद झाला की मी डोमाजींना हाताला धरून जवळजवळ पळतच मंचावर नेलं.

महाराजांसमोरची हळदीची वाटी उचलली आणि थोडी हळद मंचाच्या खांबाला फासली. डोमाजींनी अंगठा टेकवला. खांब शुद्ध निघाला. मग भैय्याजींना काय होतंय हे कळायच्या आत त्यांच्या कपाळाला हळद लावली. डोमाजींचा अंगठा, लालभडक टिळा.

"भैय्याजी बी अल्सेशियन निंघाले," डोमाजी भक्तिभावाने म्हणाले, आणि हजार माणसं हसत सुटली.

रसवंतीवाल्याकडून मी लिंबू मागवलं. भैय्याजींच्या कपाळावर चार थेंब पिळले, तसा टिळा पुन्हा पिवळा पडला. मग माइकवर सांगितलं की हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी. महाराजांच्या उजव्या अंगठ्याला चुना आहे, डाव्याला नाही. खोटं वाटत असेल तर त्यांनी सर्वांसमोर साबणाने हात धुवावेत आणि एक टिळा उमटवून दाखवावा.

बादली आली, साबण आला. महाराजांना एकदम ध्यानाची वेळ आठवली. ते मंचाच्या मागच्या बाजूने उतरले आणि थेट एस. टी. स्टँडच्या दिशेने चालायला लागले.

लोक टाळ्या पिटत होते, पण जीप उभीच होती. प्रभाकरराव माझ्याजवळ आले. "महाराज लबाड असन डाक्टरसाहेब, पण कुत्री गावकुत्र्याकडं गेलती हे तं खरं आहे ना?"

टिळा पुसणं सोपं असतं, डोक्यातली समजूत पुसणं नाही, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना समजावलं की पिल्लात येतं ते त्याच्या स्वतःच्या आईचं आणि बापाचं. आधीच्या नराचं गर्भात काही मागे उरत नाही. पांढरा पंजा आईबापांत दडलेला असतो, कधीतरी वर येतो. ते ऐकत होते, तरी त्यांचा पाय जीपकडेच वळत होता.

तेव्हा छाया उठून उभी राहिली.

"बाबा, नागपूरच्या त्या नराले तुम्ही इचारलं होतं का, तू आधी कुठं कुठं गेलता? त्याले कोणी जंगलात सोडून राह्यलं का? मंग माझ्या डॉलीलेच काऊन?"

प्रभाकरराव जीपकडे न जाता डॉलीजवळ आले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, खाली वाकून डॉलीच्या कपाळावरची हळद स्वतः पुसली आणि ड्रायव्हरला जीप घरी न्यायला सांगितलं.

माझं सांगणं एवढंच आहे. हळद आणि चुना तुमच्या घरी आहेत, आज करून पाहा. आणि उद्या कुणी तुमच्या दारात येऊन तुमच्या माणसाला नाहीतर मुक्या जनावराला अशुद्ध म्हणाला, तर घाबरून जीप मागवू नका. आधी त्याला हात धुवायला लावा.