कणीचं भांडं

सुखरामनं त्या सकाळी बायकोला हातातलं सूप खाली ठेवू दिलं नाही. देवकाबाई बिचारी चिन्नोर तांदूळ पाखडत बसलेली, अन् हा आपल्या राइस मिलच्या दारातून ओरडून राहिलेला, "एक कणी दिसाले नोको त्यात!" गोंदियाहून इंद्रकुमार शेठ येणार होता ना! त्याची नागपुरात दुकानं, स्वतःचं पॅकिंग. त्याच्याशी भागीदारी जमली तर केशोरीचा सुवासिक तांदूळ केशोरीच्याच नावानं विकला जाणार. नाही जमली तर आहेच, लोकांचा जाडा धान भरडून देत बसा.

हे चिन्नोरचं खूळ पोरीचं, प्रेरणाचं. बाजार तिनं पालथा घातला, दुकानदार तिनं गाठले. सुखराम तोंडावर कधी शाबास म्हणाला नाही. पण पानठेल्यावर तिचा विषय निघाला की गडी एकाच्या जागी दोन पानं खाऊन यायचा.

मागच्या आठवड्यात अर्जुनीचा ईश्वरदासही याच भागीदारीसाठी येऊन गेला होता. एक दुकान अन् एक जुना टेम्पो, एवढाच त्याचा पसारा. प्रेरणानं त्याला बसल्या बसल्या सांगून टाकलं, "दादा, आमच्या मशीनवर चिन्नोर तुटतो. कणी लय पडते." सुखराम मनात चरफडला. आपल्याच मालाला कोण अशी नावं ठेवतं? ईश्वरदासनं कणी तळहातावर घेऊन पाहिली.

"मंग कणी वेगळी विकू, ताई. अन् माझंही ऐकून ठेवा. मले कोनाले नाही म्हनता येत नाही. घरात दहा पोते असले तं वीस कबूल करून बसतो. ते तुमाले आवरा लागन."

तो गेल्यावर सुखराम हसून हसून बेजार झाला. असा माणूस काय धंदा करणार, कपाळ!

दुपारी शेठची पांढरी गाडी मिलसमोर लागली. ताटलीतला अख्खा दाणा पाहून शेठ खूश, सुखराम त्याहून खूश. तेवढ्यात ही पोट्टी घरातून पाखडलेल्या कणीचं भांडं घेऊन आली अन् ताटलीशेजारी ठेवलं.

"शेठ, एवढी यातूनच निघाली. आमची मशीन दाणा तोडते."

मेलो, सुखराम मनात म्हणाला.

शेठ मात्र हसला. "टेन्शन कायले घेता? थैलीत खाली कणी, वर अख्खा दाणा. कौन देखता है? फक्त मशीन अशी आहे, तर तुमचा हिस्सा थोडा कमी धरू."

"थैलीवर केशोरीचं नाव राहील," प्रेरणा म्हणाली. "खाली-वर एकच माल भरू."

शेठनं खुर्ची सुखरामकडे वळवली. "काकाजी, आपण दोघं बोलू. पोरगी आज आहे, उद्या सासरी जाईल. धंदा बापाशीच केलेला बरा."

सुखरामला फक्त मान हलवायची होती. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती रागावली नव्हती, की काकुळतीलाही आली नव्हती. बाजारात बैल पारखावा तशी शेठला निरखून राहिली होती. अन् तेव्हा सुखरामच्या डोक्यात उजेड पडला. अरे, पोरीनं दोघांपुढे एकच खोट ठेवली! ईश्वरदासनं स्वतःचीही खोट सांगून टाकली, शेठनं मात्र आमचाच भाव पाडला. केस पिकले तरी आपल्याला हे सुचलं नाही, अन् हिला सुचलं! त्याची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या.

"शेठ," तो म्हणाला, "मिल तिची हाय. मी तं तुमाले जेवाले वाढाले बसलो. जेवून जा."

शेठ काही जेवला नाही.

"हातचं घालवलं न बाप-लेकीनं?" देवकाबाई कळवळली. सुखरामलाही गेलेल्या गाडीकडे पाहून चुटपुट लागली, खोटं कशाला बोला. पण त्यानं मोबाइल काढला अन् स्वतःच ईश्वरदासला लावला.

"केशोरीहून सुखराम बोलून राहिलो. मशीन तीच हाय, कणी तेवढीच पडते. भागीदारी करता का?"

"करतो ना, काकाजी! बोलणी कराले तुमच्याकडे कधी येऊ?"

"माझ्याकडे कायले?" सुखरामचा आवाज एवढा चढला की रस्त्यानं जाणाऱ्यांनी माना वळवल्या. "थांबा, मिलच्या मालकीणबाईले देतो."