पावडरच्या डब्याचा पत्रा

चामराजपेटेत रघुजीला कुणी ‘चुकलास’ म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. म्हणायची सोयच नव्हती! बंदूक दुरुस्तीचं पिढीजात दुकान, वय सत्तर, आणि गिऱ्हाईक वर तोंड करून बोललं की त्याची बंदूक त्याच्याच हातात देऊन वाट दाखवायची. पण गेल्या वर्षापासून हात कापायला लागले. कॉफीचा पेला धरवत नाही, तिथं केसाएवढी स्प्रिंग कुठली धरणार? आता अवजारं रक्षिताकडं होती. एकुलती लेक, हात अगदी बापाचा. लायसनवर तिचं नाव चढलं होतं, पण गिऱ्हाइकांना अजून रघुजीच हवा होता.

त्या सकाळी बसवनगुडीहून सुमंत आला, त्याच्या वडिलांची नेमबाजीची जुनी रायफल घेऊन. दोन ट्रिगरवाली. मागचा दाबला की ‘टक्’ वाजून पुढचा इतका हलका होतो, की बोट नुसतं टेकलं तरी गोळी सुटावी. हा सेट ट्रिगर रायफलीचा मूळचा नव्हे. सुमंतच्या वडिलांनी तो परदेशातून मागवला होता आणि बत्तीस वर्षांपूर्वी रघुजीनंच बसवला होता.

“आता मागचा नीट धरत नाही,” सुमंत म्हणाला. “दहात चारदा निसटतो. दुसरीकडं दाखवला, तर तिथला कारागीर म्हणतो ट्रिगर काढून फेका. रविवारी स्पर्धा आहे. अण्णा, तुम्ही स्वतः उघडा.”

“रक्षिता उघडेल.”

“राग मानू नका, पण बाबांची वस्तू आहे. हिच्यानं जमेलसं दिसलं नाही, तर मी परत घेऊन जाईन.”

रघुजीच्या मस्तकात तिडीक गेली. एरवी त्यानं वाट दाखवलीच असती. पण सुमंत गेला की क्लबातली सगळी नेमबाज मंडळी त्याच्यामागून जाणार, आणि रक्षिताच्या वाट्याला नुसती दुकानाची पाटी उरणार.

“सरी, तसंच होऊ दे,” तो म्हणाला. “बस इथंच. बघ डोळे उघडे ठेवून.”

रक्षितानं नळी भिंतीकडं केली, बोल्ट काढला, आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिलं आणि वर बोटानंही चाचपलं. तेव्हा कुठं स्क्रूला हात लावला. पुढचा स्वल्प सैल, मग मागचा, पुन्हा पुढचा. निघालेला प्रत्येक तुकडा पांढऱ्या फडक्यावर, निघाला त्या क्रमानं. रघुजीची छाती फुगत होती. हे सगळं आपण शिकवलंय! लाकडी दस्त्यातून नळी अलगद सुटली. मग तिनं ट्रिगरची छोटी पेटी उचलायला घेतली, आणि रघुजीला एकदम आठवलं.

बत्तीस वर्षांपूर्वी लाकडातली खाच अंमळ खोल गेली होती. दुसऱ्या दिवशी स्पर्धा; पोलादी ठोकळा घडवायला वेळ कुठला? रघुजीनं बायकोच्या पावडरचा रिकामा डबा कापला आणि पत्र्याची घडी पेटीखाली सरकवली. नंतर बदलू, म्हणाला. ते नंतर कधी आलंच नाही. सुमंतच्या वडिलांनी त्याच रायफलीवर पदक आणलं आणि रघुजीचं गावभर नाव झालं.

रक्षितानं चिमट्यानं पत्रा उचलला. गंजून चपटा झालेला, पण कडेला अजून गुलाबी फूल. तसला डबा तिनं लहानपणापासून आईच्या फळीवर पाहिला होता. तिनं एकदाच बापाकडं बघितलं.

“ट्रिगर ठणठणीत आहे,” ती सुमंतला म्हणाली. “पेटी एका बाजूला कललीय, म्हणून मागचा ट्रिगर लाकडाला अडतो, पुरता बसत नाही. खाली पोलादी ठोकळा घालते. शनिवारी न्या.”

“आणि हा पत्रा कुणी कोंबला? अण्णांनंतर कुणा अडाण्यानं उघडलेली दिसते!”

“कुणी का असेना. जुनं काम आहे,” म्हणत रक्षितानं पत्रा फडक्याखाली सारला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. रघुजी गप्प बसला असता तर आयुष्यभराचं नाव शाबूत राहिलं असतं. पण मग पोरीनं केवढी गोष्ट पकडली, हे या माणसाला कधी कळणार? आणि एक स्क्रू इकडचा तिकडं न करणारी पोर बापापायी खरं लपवत होती. ते त्याला सोसेना.

“मी कोंबला!” तो गरजला. “मी, या रघुजीनं! बत्तीस वर्षांत माझी चूक कुणाला दिसली नाही. तुझ्या बाबांना नाही, त्या फेका म्हणणाऱ्या शहाण्याला नाही. हिला अर्ध्या तासात दिसली!”

सुमंत उठला आणि रायफलीचं रिकामं कव्हर घडी करून रक्षितापुढं ठेवलं.

“शनिवारी येतो, अक्का,” तो म्हणाला.

तो गेल्यावर रक्षिताचे डोळे भरून आले. “अप्पा, कशाला सांगायचं? मी सांभाळलं होतं की.”

रघुजीनं फडक्याखालचा पत्रा काढून खिशात टाकला आणि चपला चढवल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात या वेळी आप्पाजी, परसू, सगळी जुनी टोळी कॉफीला जमलेली असते. रघुजी तरातरा आत शिरला आणि कापत्या हातानं पत्रा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“हे काय रे?” आप्पाजीनं विचारलं.

“माझी चूक!” रघुजी म्हणाला. “माझ्या लेकीनं पकडली! घ्या, हातात घेऊन बघा.”