डॅन्यूबकाठी न शिजलेला भात

मित्रांनो, मी एक जुना भाताचा कुकर आहे. विजेवर चालायचो, आता चालत नाही. चारुता मावशींनी आज मला तुमच्या रविवारच्या मराठी शाळेत आणून टेबलावर ठेवलं आहे आणि फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला आहे. मला बघून तुमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली, ते माझ्या लक्षात आलं. मुरडा खुशाल. माझं बूड काळं पडलं आहे आणि वायर वितळून वाकडी झाली आहे. मला मान नाही. असती तर मी ती खालीच घातली असती. पण दिसण्याची लाज कधीच सरली. माझी लाज वेगळी आहे, आणि तुम्ही माझ्याबद्दल मनाचं काहीतरी लिहिण्याआधी ती मीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मला शहाणपण आलं ते मिशिगनमधल्या एका दुकानाच्या फळीवर. तेव्हा संजय काका आणि चारुता मावशी तिथल्या नोव्हाय गावात नवे होते आणि त्यांची सलोनी पाळण्यात होती. नातीला बघायला मावशींचे वडील, जगन्नाथ आबा, पुण्याहून आले होते. त्यांनी फळीवरून मला उचललं आणि मडकं पारखून घ्यावं तशी माझ्या पोटावर टिचकी मारली. "हा घे. याचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. भाताच्या कुकरचा आवाज कशाला चांगला हवा, हे मला अजून समजलेलं नाही. पण माझं पहिलं कौतुक झालं ते हेच.

आबांनीच माझ्यात पहिला भात लावला. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी, बस्स. माझ्या अंगावर एकच खटका. तो खाली दाबला की मी कामाला लागायचो, आणि भात झाला की 'टक्' असा आवाज करून तो आपणहून वर यायचा. सलोनीचा पहिला मऊ भात माझ्यातलाच. गणपतीला मोदक घरी असोत नाहीतर विकतचे, वरणाखालचा भात माझाच. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढं आबा पुन्हा नोव्हायला आले ते थकून. त्यांना आठवेनासं झालं होतं. एकदा त्यांनी माझ्यात तांदूळ घातले, खटका दाबला आणि पाणी घालायचं विसरले. घरभर धूर झाला, भिंतीवरचा अलार्म किंचाळायला लागला. मावशी घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमधून उठून धावत आल्या, त्यांनी माझा प्लग उपटला आणि म्हणाल्या, "आबा, आता तुम्ही किचनमध्ये यायचंच नाही. कळलं?" आबा म्हणाले, "चुकलं गं." पुढच्या वर्षी पुण्याहून आबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मावशी माझ्याशेजारीच ओट्याला धरून उभ्या होत्या.

मग घरात एक नवीन भांडं आलं. त्याला इतकी बटणं की ते भांडं आहे की विमान, असा प्रश्न पडावा. वरणही तेच, भातही तेच, दहीसुद्धा तेच लावणार. माझी रवानगी बेसमेंटमध्ये, गणपतीच्या मखराशेजारी झाली. मखराला निदान वर्षातून एकदा तरी वर नेत असत. मला कोण विचारणार?

आणि एके दिवशी मला विचारलं गेलं. काका-मावशींच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. संजय काकांचं जुनं स्वप्न होतं की, भाड्याची गाडी घ्यायची आणि जर्मनीतल्या उगमापासून थेट काळ्या समुद्रापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं जायचं. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी ते जाहीर करून टाकलं होतं. कुणीतरी त्याला 'डॅन्यूब परिक्रमा' असं नावही दिलं आणि परत आल्यावर मंडळात फोटोंचा कार्यक्रम ठरला. पण काकांची परिक्रमा अशी की ब्रेड आणि चीजवर चार दिवस निघतात, पाचव्या दिवशी मेतकूट-भात हवाच. मावशींनी मला वर आणलं, घासूनपुसून कपड्यांच्या मधोमध बॅगेत ठेवलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

निघण्याआधी मावशींनी विचारलं होतं, "संजय, तिकडच्या व्होल्टेजचं बघितलंस ना?"

"अगं, मी गाड्यांचं वायरिंग डिझाइन करतो यार. मला सांगतेस? अ‍ॅडॅप्टर घेतलाय."

इथं थोडं थांबतो, कारण सगळी गोम इथंच आहे. अमेरिकेतल्या भिंतीत जेवढ्या जोराची वीज असते, त्याच्या जवळजवळ दुप्पट जोराची युरोपात असते. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात. मी मात्र फक्त इथलाच. अ‍ॅडॅप्टरनं माझा प्लग तिकडच्या भिंतीत बसला असता, विजेचा जोर कमी झाला नसता. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिकडे फोन चार्ज झाला, लॅपटॉप चार्ज झाला, आणि काका निर्धास्त झाले.

पाचव्या दिवशी आम्ही ऑस्ट्रियात, नदीकाठच्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. मागं जर्दाळूची बाग होती, आणि खिडकीतून संथ, रुंद नदी दिसत होती. खोलीत स्वयंपाक करू नये, अशी पाटी टेबलावर होती. काकांनी ती उलटी करून ठेवली. धुराच्या अलार्मवर त्यांनी बाथरूममधली प्लास्टिकची टोपी चढवली आणि दाराच्या फटीत टॉवेल सारला. तुमच्यापैकी कुणी हसलं का? म्हणजे तुमच्या घरीही हे माहीत आहे.

मावशींनी बेसिनमध्ये तांदूळ धुतले, बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी घातलं. काकांनी खटका दाबला. आणि माझ्या पोटात जे शिरलं ते मी जन्मात सोसलं नव्हतं. क्षणभर वाटलं, मी पुन्हा तरुण झालो. मग जळका वास आला, 'फट्' असा आवाज झाला, आणि सगळ्या घरातले दिवे गेले. खाली लोक जेवायला बसले होते. भांडी पडल्याचा आवाज झाला, एक बाळ रडायला लागलं.

काकांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळून, गरमागरम, बॅगेत कोंबलं. अर्धे ओले तांदूळ त्यांच्या शर्टांवर सांडले. "खिडकी उघड, खिडकी उघड," एवढंच ते कुजबुजत होते.

खालून गेस्टहाउसच्या मालकीणबाईंचा चढलेला आवाज आला. त्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांना बोलत होत्या. भाषा जर्मन होती, पण तो सूर माझ्या ओळखीचा होता. नोव्हायच्या किचनमध्ये मी तो ऐकलेला होता. मावशींनीही ओळखला असावा, कारण त्या पलंगावर मटकन बसल्या.

थोड्या वेळानं दिवे आले आणि दारावर टकटक झाली. दारात ते आजोबा उभे होते, हातात टॉर्च घेऊन. तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "सॉरी. आय अ‍ॅम ओल्ड. माय रेडिओ. आय मेक अगेन फॉल्ट."

त्यांच्या जुन्या रेडिओमुळं याआधी एकदा दिवे गेले असावेत. आताही आपल्याच हातून झालं, असं मुलीनं सांगितलं आणि त्यांनी ते मानलं होतं. काकांनी फक्त एक खरं वाक्य बोलायला हवं होतं. मी त्यांच्या पाठीमागं, बॅगेत, अजून कोमट होतो.

काका हसले आणि म्हणाले, "नो प्रॉब्लेम."

मित्रांनो, मी जळालो तेव्हा मला जेवढं भाजलं नाही, तेवढं त्या दोन शब्दांनी भाजलं.

सकाळी मालकीणबाईंनी झाल्या त्रासाबद्दल जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली भेट दिली. काकांनी तीही घेतली, थँक्यू म्हणून घेतली! गाडीत सामान ठेवताना मावशींना अंगणात काय दिसलं, ते त्यांनी नंतर काकांना सांगितलं. मालकीणबाई रेडिओ उचलून अडगळीच्या खोलीकडे नेत होत्या, आणि आजोबा त्यांच्यामागं चालले होते, प्लग मातीत ओढला जाऊ नये म्हणून वायरचं टोक हातात धरून.

पुढचा प्रवास मी गाडीच्या डिकीत केला. व्हिएन्ना आलं, गेलं. गाडीत गाणी लागली नाहीत. मुरंब्याची बाटली उघडली गेली नाही. वळणावर ती माझ्या अंगावर येऊन आपटायची. ब्रातिस्लाव्हात काकांनी मला कचरापेटीत टाकायला बाहेर काढलं. मावशींनी त्यांच्या हातातून मला काढून घेतलं.

"डेड झालाय तो, चारुता. कशाला कॅरी करायचा?"

"पुरावा आहे म्हणून टाकतोयस का?"

काकांनी डिकी उघडली. मी पुन्हा डिकीत गेलो.

बुडापेस्टला ते नदीकाठच्या कट्ट्यावर बसले. मावशींनी मला मांडीवर घेतलं होतं. येणारेजाणारे बघत होते. तिथंच मावशी म्हणाल्या, "मी पुढे येणार नाही."

"अगं, अर्धी नदी राहिली आहे अजून. मंडळात सगळ्यांना सांगितलंय, ब्लॅक सी पर्यंत जाणार म्हणून. आणि ते आजोबा एव्हाना विसरलेही असतील."

"ते विसरतील रे. ती मुलगी नाही विसरायची. आज ना उद्या ते जातील, आणि मग तिला तो रेडिओ आठवेल. मला विचार." त्यांनी माझं झाकण उगाचच उघडलं, पुन्हा लावलं. "आबांना मी किचनमधून हाकललं, संजय. त्यांचं चुकलं होतं तरी मला झोप लागत नाही. या आजोबांचं तर चुकलेलंच नाही."

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "मला लाज वाटली गं. वायरिंगचा माणूस मी. आणि व्होल्टेज विसरलो. हे तोंडानं कसं सांगायचं? म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाला..." त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना इतक्या वर्षांत रडवेलं झालेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी उलटी वळवली. नर्मदेची परिक्रमा करणारे एका काठानं जातात आणि दुसऱ्या काठानं परततात म्हणे. आम्हीही परतलो ते पलीकडच्या काठानं.

गेस्टहाउसच्या अंगणात आजोबा नुसतेच बसले होते. मावशींनी मला मालकीणबाईंसमोर टेबलावर ठेवलं, शेजारी ती न उघडलेली बाटली. काकांनी सगळं सांगितलं. ती टोपी, टॉवेल, उलटी पाटी, काहीही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "युअर फादर डिड नथिंग. इट वॉज मी. अँड आय लेट हिम से सॉरी."

मालकीणबाई आधी रागावल्या. रागावणारच. मग त्यांनी वडिलांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. तो राग नव्हता.

आजोबांना यातलं काहीच आठवत नव्हतं. कसले दिवे, कुठला अंधार? पण सगळे गंभीर उभे आहेत म्हणजे आपलंच काही चुकलं असणार, असं त्यांना वाटलं. ते उठले आणि म्हणाले, "सॉरी. आय मेक अगेन फॉल्ट."

काकांना ते सहन झालं नाही. नोव्हायमध्ये देवापुढेही उभ्यानंच हात जोडणारे संजय काका तिथं अंगणात खाली वाकले आणि त्यांनी आजोबांच्या पायांना हात लावला. आजोबांना वाटलं, या पाहुण्याचं काहीतरी पडलंय. तेही हळूहळू वाकले आणि काकांबरोबर टेबलाखाली शोधू लागले.

मालकीणबाई उठून अडगळीच्या खोलीकडे गेल्या. रेडिओ घेऊन आल्या, भिंतीत प्लग लावला. आधी खरखर झाली, मग कुणीतरी वाद्य वाजवायला लागलं. आजोबा शोधायचं थांबले आणि ऐकू लागले.

काका-मावशींनी काळा समुद्र बघितला नाही. मंडळात फोटोंच्या कार्यक्रमात शेवटचा फोटो माझा होता. काकांनी झालेलं सगळं सांगितलं. हसण्याच्या जागी लोक हसले. सलोनी म्हणते, "मॉम, जस्ट थ्रो इट." मावशी टाकत नाहीत. आता मी बेसमेंटमध्ये नसतो. ओट्यावर, माझ्या जुन्या जागी असतो. त्या विमानाला थोडं सरकावं लागलं आहे.

मित्रांनो, निबंधाच्या शेवटी काहीतरी बोध लिहावा लागतो. वस्तू जपून वापरा, प्लग लावण्याआधी व्होल्टेज बघा, हे तर लिहाच. पण अजून एक विनंती आहे. घरातले दिवे गेले की आधी आपल्या हातात काय आहे ते बघा. आणि ज्यानं काहीच केलेलं नाही असं एखादं म्हातारं माणूस तुमच्या दारात येऊन 'सॉरी' म्हणालं, तर कृपा करून 'नो प्रॉब्लेम' म्हणू नका.