कोंबड्यांच्या खुराड्यातले खोगीर

मी एक जुने खोगीर आहे, मित्रांनो, आणि मला राग धरता येतो.

नारीन नदीच्या खोऱ्यात कापारबेकने मला घडवले. सांगाडा भूर्जाच्या लाकडाचा, पट्टे बैलाच्या कातड्याचे. थंडीच्या तोंडावर तो मेंढीच्या शेपटीची चरबी चोळून ते पट्टे मऊ करी. सरकारी मेंढपालन बंद पडले तेव्हा गाव रिकामे होऊ लागले. त्याची बायको बुरुलचा म्हणाली, "डोंगर आहेत, घोडे आहेत. हिंडायला येतील की लोक." आणि आले. उन्हाळाभर पाहुणे घोड्यांवरून कुरणात जात, तंबूत राहत. गावातली कुलपे निघाली. माझे तर फोटो काढत.

मग कापारबेक वारला. त्याचा धाकटा भाऊ तेंतिमिश मला उचलून घेऊन गेला. "वहिनी, तुला काय करायचंय खोगीर? चूल सांभाळ." पाहुण्यांनी कोणत्या घरी उतरायचे ती पाळीही तोच ठरवी. बुरुलचाची पाळी कधी आलीच नाही. "यंदाही नाही आली तर घोडी विकून शहरात भांडी घासायला जाईन," ती म्हणे.

मला त्याने खुराड्यात टाकले. कोंबड्या माझ्यावर बसत, आणि बसून जे करायचे ते करत. कातड्यातली चरबी आटली की आतले तंतू एकेक करून तुटतात; वरून काही दिसत नाही. घोड्याच्या पोटाखालचा माझा तंग असाच चिरत गेला. मी चिरू दिला.

त्या उन्हाळ्यात पाहुणे जास्त आले आणि खोगिरे कमी पडली. चांगले खोगीर पाहुण्याला, उरलेसुरले यजमानाला, ही रीत तेंतिमिशलाही मोडता येईना. उरलेले मी होते.

कुरणाकडे निघताना स्वयंपाकाला बुरुलचा बरोबर होती. तिने माझा तंग चाचपला. "भावोजी, कोरडा पडलाय हा. चरबी लावू द्या, नाहीतर पाण्यात लोळाल."

"तू आपलं दूध घुसळ, वहिनी."

नदीच्या उतारावर घोड्याने पाण्यात उडी घेतली. एवढ्याचीच मी वाट पाहत होते. मी तंग सोडला. तेंतिमिश कमरेवर आपटला. टोपी एकटीच पुढे निघाली. बुरुलचा पाण्यात शिरली. आधी तिने मला बाहेर काढले, मग त्याला हात दिला.

वाट दाखवायला आलेले, गावात सगळ्यांत वडीलधारे अब्दिशआजोबा काठावरून म्हणाले, "स्वतःचा तंग ज्याला बघता येत नाही, त्याच्या हाती पाहुण्यांचा जीव द्यायचा? आजपासून पाळ्या बुरुलचा लावेल."

तेंतिमिश कुडकुडत होता. कोणी त्याची बाजू घेतली नाही.

बुरुलचाला घोडी विकावी लागली नाही. तेंतिमिश अजून लंगडतो, आणि आता निघण्यापूर्वी प्रत्येक खोगिराचा तंग वाकून तपासतो, माझासुद्धा. मला ते बघायला आवडते.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. प्रेमाने राखा असे मी म्हणत नाही. भीतीने राखलीत तरी चालेल.